साहेबांना नंतर भेटा, आधी पोच घ्या

वाचकांचे प्रश्न : बँक, कर्ज आणि कायदा

यंत्रमागाला मंदी आली की या सदराची टपाल वाढते. या वेळचीही बरीच पत्रं थकबाकीची आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी सहकारी बँकेच्या वसुली खात्यातून निवृत्त झाले. ज्या नोटिसांबद्दल तुम्ही विचारता, तसल्या नोटिसांवर माझ्या सह्या असायच्या. तेव्हा एखादं उत्तर बँकेच्या बाजूचं वाटलं तर वाटू द्या.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टॉवेलचे माग आहेत. एका नागरी सहकारी बँकेचं कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) आणि मुदत कर्ज आहे. सोलापूरच्या पूर्व भागातलं राहतं घर आणि अक्कलकोट तालुक्यातली दोन एकर जमीन तारण आहे. बँकेची 'कलम १३(२)'ची नोटीस आली आहे, साठ दिवसांत सगळं कर्ज भरा म्हणून. ओळखीचे एक संचालक म्हणाले, 'मी बघतो, तुम्ही काही लिहून देऊ नका.' मेहुणा म्हणतो, सहकारी बँकेला हा कायदा लागूच होत नाही. खरं काय? — यंत्रमागधारक, अशोक चौक

उत्तर : आधी मेहुण्यांचं. ते म्हणतात तो मुद्दा एके काळी कोर्टात खरोखर चालायचा. सहकारी बँक राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेली, मग तुमची नोटीस ज्याखाली आली तो केंद्राचा २००२चा सरफेसी कायदा (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकू देणारा) तिला कसा लागू होईल, हे भांडण बरीच वर्षं चाललं. ते मिटलं कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूड सहकारी बँकेच्या खटल्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ५ मे २०२० रोजी सांगून टाकलं, की सहकारी बँक करते ते बँकिंगच आहे आणि सरफेसी तिला लागू आहे. पतसंस्थेला तो लागू नाही, कारण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तुमची नागरी सहकारी बँक आहे, त्यामुळे तो मुद्दा संपला. कुणी वकील हाच मुद्दा लढवतो म्हणून फी मागत असेल, तर दुसरा वकील बघा.

आता संचालक. 'मी बघतो' हे वाक्य मी टेबलाच्या पलीकडून खूप ऐकलंय. संचालक मनापासूनही बोलत असतील, पण या कायद्याखाली कारवाई करतो तो बँकेनं नेमलेला प्राधिकृत अधिकारी. त्याच्या फाइलवर संचालकांचं तोंडी आश्वासन कुठंच चढत नाही. चढते ती नोटिशीची तारीख. तुम्ही संचालकांच्या घरी चहा घेत असता तेव्हा इकडं साठातला एकेक दिवस कमी होत असतो. आणि 'लिहून देऊ नका' हा सल्ला तर सरळ तुमच्या मुळावर येणारा आहे. कायद्यानं तुम्हाला या टप्प्यावर दिलेलं एकमेव हत्यार म्हणजे लिहून देणं.

कलम १३(३ए) प्रमाणे तुम्ही लेखी हरकत दिलीत, तर बँकेनं ती विचारात घेऊन पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. बँकेनं हरकत फेटाळली म्हणून लगेच वर जाता येत नाही, हे खरं. पण पुढं प्रकरण डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, गेलं की हाच कागद पहिल्यांदा उघडला जातो. बँकेनं उत्तरच दिलं नसेल तर तुमच्या हाती एक भक्कम मुद्दा येतो.

हरकतीत काय लिहायचं? 'धंदा मंदीत आहे, सहानुभूतीनं विचार व्हावा' एवढंच लिहिलेले अर्ज ढिगानं यायचे. ते वाचायला एक मिनिट लागायचं आणि फेटाळायला अर्धं. त्यापेक्षा नोटिशीतला तक्ता काढा. मुद्दल, व्याज आणि इतर खर्च असे आकडे असतील. बँकेकडून दोन्ही खात्यांचा पूर्ण उतारा मागवा आणि शेजारी ठेवा. खातं एनपीए (थकीत, अनुत्पादक) कुठल्या तारखेला केलं आणि त्या तारखेला खरोखर नव्वद दिवसांची थकबाकी होती का, ते बघा. तुम्ही भरलेल्या शेवटच्या रकमा जमा दिसतात का? दंडव्याज लावलंय का? १ एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं कर्जावरचं दंडव्याज बंद केलं आहे. बँकेला दंड आकार घेता येतो, पण तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि मुद्दलात टाकून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. जुन्या कर्जांनाही हा नियम पुढच्या नूतनीकरणापासून लागला, आणि कॅश क्रेडिटचं नूतनीकरण दरवर्षी होतंच. मुद्द्यागणिक तारीख आणि रक्कम लिहा. अक्षर वाईट असलं तरी चालेल.

मग दोन प्रती घेऊन मुख्य कार्यालयात आवक-जावकच्या खिडकीवर जा. तुमच्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय तिथून हलू नका. 'साहेब जेवायला गेलेत' म्हणाले तर बाकावर बसा. 'ठेवून जा, शिक्का उद्या मारतो' म्हणाले तर प्रत परत घ्या, थेट पोस्टात जा, पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा आणि पावती प्रतीला टाचून ठेवा. थर्मल कागदावरची शाई उडते, म्हणून पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढा.

शेतजमिनीबद्दल. कलम ३१(आय) प्रमाणे शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही. पण सातबाऱ्यावर शेती लिहिलंय एवढं पुरत नाही. जमीन प्रत्यक्ष कसली जाते का, हे न्यायालय बघतं आणि ते दाखवायचं ओझं कर्जदारावर असतं. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं. तुमच्या दोन एकरात तूर असेल तर पीकपेरा आणि आडत्याच्या पट्ट्या जोडा. गोडाऊन बांधलं असेल तर हा मुद्दा विसरा. आणि जमीन सरफेसीतून सुटली म्हणजे कायमची सुटली असंही नाही. सहकारी बँकेकडे सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला (उपनिबंधक देतो तो वसुलीचा आदेश) हा दुसरा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यानं बँक शेतावरही येऊ शकते.

नोटीस आल्यापासून बँकेच्या लेखी परवानगीशिवाय तारण मालमत्ता विकायची किंवा भाड्यानं द्यायची नाही. धंद्यातली रोजची मालविक्री चालते, माग विकणं नाही. इचलकरंजीचा गिऱ्हाईक रोख घेऊन दारात उभा असला तरी.

साठ दिवस संपल्यावर बँक ताब्याची कारवाई करते. तिथून पंचेचाळीस दिवसांत डीआरटीत अर्ज करायचा असतो, आणि आपल्या जिल्ह्यासाठी ते पुण्याला आहे. सोलापूरच्या दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागायला जाऊ नका. कलम ३४नं ते दार बंद केलंय. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय, सोलापूर त्यात आहे, आणि तेव्हापासून लोक मला 'थेट कोल्हापूरलाच जाऊ का?' असं विचारतात. डीआरटीचा मार्ग असताना उच्च न्यायालयानं अशा प्रकरणात सहसा हात घालू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं एकदा नव्हे, अनेकदा बजावलंय. भाड्याचे पैसे वाचवा.

एक गोष्ट मात्र अगदी डोक्यात कोरून ठेवा. लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच पूर्ण पैसे भरून मालमत्ता सोडवायचा हक्क आहे. पूर्वी लोक लिलावानंतरही पैसे जमवून यायचे आणि कोर्ट ऐकून घ्यायचं. २०१६च्या दुरुस्तीनं हे बदललं. २१ सप्टेंबर २०२३ रोजी बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्का मारला. तिथं मालमत्ता लिलावात १०५ कोटींना गेली होती आणि कर्जदार १२९ कोटी द्यायला तयार झाला होता. बँकही राजी झाली, उच्च न्यायालयानं मान्यता दिली. तरी सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं आणि मालमत्ता लिलावात घेणाऱ्याला दिली. जास्त पैसे देऊनही घर परत मिळत नाही, असा हा निकाल आहे.

मला स्वतःला तो कडक वाटतो. पण लिलावात पैसे गुंतवणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर त्यालाही कुठंतरी खात्री हवी, हेही कळतं.

एकरकमी तडजोड मागू शकता, जरूर मागा. पण तो हक्क नाही. बिजनौरच्या एका नागरी सहकारी बँकेच्या खटल्यात डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की तडजोड द्यायची की नाही हा बँकेचा व्यापारी निर्णय आहे, न्यायालय ती द्यायला भाग पाडणार नाही. म्हणून तडजोडीचा अर्ज हरकतीच्या जोडीला द्या, हरकतीच्या जागी नको. संचालकांना भेटायचंच असेल तर शिक्का घेतल्यावर भेटा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. सहकारी शिक्षकाला जामीन राहिलो. त्यानं हप्ते थांबवले आणि आता पतसंस्थेनं दोघांच्या नावे १०१ची कारवाई सुरू केली आहे. त्याचा बार्शीत स्वतःचा फ्लॅट आहे. आधी तो विका, उरलं तर मी देतो, असं म्हणता येईल ना? — बार्शी

उत्तर : गुरुजी, म्हणता येईल, पण कोणी ऐकणार नाही. करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग जामीनदाराकडे या, ही विनंती सर्वोच्च न्यायालयानं १९६८ सालीच बँक ऑफ बिहारच्या खटल्यात नाकारली. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं, की जामीनदारामागे लगेच जाता येणार नसेल तर जामीन घेतलाच कशाला? तेव्हापासून यात काडीचा फरक पडलेला नाही, आणि वसुली अधिकाऱ्याला पेन्शनवाला जामीनदार दिसला की तो पळणाऱ्या कर्जदाराचा नाद सोडतो. मीही तेच केलं असतं.

मग तुमच्या हाती काय राहतं? उपनिबंधकाकडे सुनावणी अजून बाकी आहे ना? तिथं हजर राहा. फ्लॅटचा पत्ता, सिटी सर्व्हे नंबर, कर्जदाराची नोकरी, सगळं लेखी द्या आणि पोच घ्या. बहुतेक जामीनदार या सुनावणीला जातच नाहीत, मित्राशी अबोला धरून घरी बसतात. दाखला निघाल्यावर सहकार कायद्याच्या कलम १५४खाली फेरतपासणी मागायची तर वसुलीच्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. सुनावणीला बसमधून जाणं त्या मानानं स्वस्त आहे.

भरावंच लागलं तर नुसती पावती घेऊन येऊ नका. जामीनदारानं कर्ज फेडलं की धनकोचे सगळे हक्क त्याच्याकडे येतात (करार कायदा, कलम १४०) आणि तारण असेल तर त्याचा लाभही (कलम १४१). संस्थेकडून तुम्ही भरलेल्या रकमेचा दाखला आणि तारणाच्या कागदांच्या नकला मागा, आणि मित्रावर वसुलीचा दावा लावा. मुदतीचा कायदा तीन वर्षं देतो. मैत्री आधीच मोडली आहे, तिची काळजी करू नका.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेली साडी परत करायची होती. इंटरनेटवर मिळालेल्या नंबरवर फोन केला, त्यानं एक ॲप टाकायला लावलं. ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही, तरी खात्यातून पैसे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत गेले तर 'तुमचीच चूक, आम्ही काही करू शकत नाही' म्हणाले. — गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्यासारखीच गोष्ट ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाली. ग्राहकानं ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायची होती, ग्राहक सेवेच्या नावानं फोन आला, ॲप टाकलं गेलं आणि खात्यातून ९४,२०४ रुपये ८० पैसे गेले. त्यानं चोवीस तासांच्या आत बँकेला कळवलं होतं. बँक होती स्टेट बँक. गुवाहाटी उच्च न्यायालयानं बँकेला जबाबदार धरलं आणि सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. बँकेला हात झटकता येणार नाहीत, असं सांगतानाच ग्राहकानंही सावध राहावं, ओटीपी देऊ नये, असंही बजावलं.

या सगळ्याला आधार आहे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाचा. त्याच डिसेंबरात तसंच परिपत्रक सहकारी बँकांसाठीही निघालं. चूक ना बँकेची ना तुमची, तिसरीकडेच गळती झाली, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. तुमचा निष्काळजीपणा असेल, म्हणजे ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि निष्काळजीपणा तुमचा होता हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. शाखेतला माणूस 'तुमचीच चूक' म्हणाला म्हणून ती चूक सिद्ध होत नाही.

बँक ॲपवर नक्की बोट ठेवणार. तुम्ही ते स्वतः टाकलंत, हा तुमच्या बाजूचा कच्चा दुवा आहे, तो लपवू नका. तक्रारीत घडलं तसं, वेळेसकट लिहा. १९३०वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन केला नसेल तर आत्ता करा. शाखेत नुसतं तोंडी सांगून आला असाल तर आजच लेखी द्या आणि 'अमुक तारखेला सकाळी शाखेत येऊन कळवलं होतं' हे त्यात घाला. शाखेच्या कॅमेऱ्यातलं त्या वेळेचं चित्रण जपून ठेवा, अशी मागणीही लिहा. हे वाक्य वाचलं की शाखाधिकारी फाइल नीट वाचायला घेतो. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

प्रश्न : आई विडी कारखान्यात होती. तिच्या मुदत ठेवीला नॉमिनी माझा भाऊ. आई गेली. भाऊ म्हणतो नॉमिनी मी, पैसे माझे. आम्ही तीन बहिणी आहोत. — कुंभारी

उत्तर : भाऊ चुकतो आहे. नॉमिनी हा पैसे बँकेतून घेणारा हात आहे, मालक नव्हे. बँक खात्यांपुरतं हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच सांगितलंय. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही डिसेंबर २०२३ मध्ये साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात तेच ठरलं. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. हिंदू वारसा कायदा लागू असेल तर आईच्या पैशात मुलगा-मुली सारखेच, आणि वडील हयात असतील तर त्यांचाही तेवढाच वाटा.

पण बँक भावाला पैसे देईल, आणि दिले तर बँकेची चूक नाही. म्हणून बँकेशी भांडण्यात दिवस घालवू नका. वाटा भावाकडे मागायचा आहे. तो देणारच नाही अशी खात्री असेल तर पैसे निघण्याआधी न्यायालयाचा मनाई हुकूम आणावा लागेल. तुमच्या नुसत्या अर्जानं बँक थांबत नाही.

तुमच्या स्वतःच्या खात्यांसाठी एक सांगते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. फॉर्म भरताना टक्क्यांची बेरीज शंभर येते का बघा, खिडकीवर हीच चूक सर्वांत जास्त सापडते.

प्रश्न : एका सहकारी बँकेच्या दोन शाखांत पाच आणि तीन लाख, आणि एका पतसंस्थेत चार लाख ठेव आहे. सगळं विम्याखाली सुरक्षित आहे ना? — निवृत्त एसटी कर्मचारी

उत्तर : नाही. विमा शाखेगणिक नसतो, बँकेगणिक असतो, आणि व्याजासह पाच लाखच. दोन शाखा एकच धरल्या जातात, म्हणजे तुमचे तीन लाख आणि वरचं व्याज उघडं आहे. पत्नीसह संयुक्त खातं काढलंत तर तो वेगळा हिशेब होतो. पतसंस्थेच्या चार लाखांना विमा एका रुपयाचाही नाही. पाटीवर सोनेरी अक्षरांत काहीही लिहिलेलं असो.

सोलापूरकरांना लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँक आठवत असेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये खात्यातून हजार रुपयेच काढायची मर्यादा आली आणि २२ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेनं परवाना रद्द केला. सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळू शकेल, असं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं. ते शक्य झालं कारण फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली, आणि २०२१च्या दुरुस्तीनं निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याचे पैसे द्यायची सक्ती केली. उरलेल्या एक टक्क्यात नेमके तुमच्यासारखे निवृत्त लोक असतात, फंडाची रक्कम एकाच ठिकाणी ठेवलेले. मुदत संपली की तीन लाख दुसऱ्या बँकेत न्या. पाव टक्का व्याज कमी मिळालं तर मिळू द्या.

प्रश्न : गृहकर्ज फेडून चार महिने झाले, मूळ खरेदीखत अजून मिळालं नाही. 'मुख्य कार्यालयातून यायचंय' एवढंच उत्तर मिळतं. — विजापूर रोड

उत्तर : कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, नाहीतर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. तो सहकारी बँकांनाही लागू आहे, पण गृहकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांपुरता. धंद्याच्या कर्जासाठी त्याचा आधार घेऊ नका. उशिराचं कारण बँकेनं स्वतःहून कळवायचं असतं. कागद हरवले असतील तर नक्कल काढायला बँकेनं मदत करायची, खर्च तिचा, आणि त्यासाठी आणखी तीस दिवस मिळतात. भरपाई मग साठ दिवसांनंतर सुरू होते. खातं बंद झाल्याचा दाखला जोडून, पहिले तीस दिवस वगळून आजपर्यंतच्या दिवसांचा पाच हजारांनी गुणाकार करून तो आकडा अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.